एकच फ्लॅट, चार मापं

विक्रीच्या करारात 60 चौरस मीटर. जुन्या ब्रोशरमध्ये 1,000 चौरस फूट. मालमत्ता कराच्या बिलावर तिसराच आकडा, आणि पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली की आर्किटेक्टच्या तक्त्यात चौथा. फ्लॅट तोच, भिंती त्याच. गंमत अशी की यातला एकही आकडा सरळसरळ खोटा असेलच असं नाही. प्रत्येकाने टेप वेगळ्या जागी धरलेली असते, एवढंच.

रेरा, म्हणजे स्थावर मालमत्तेच्या नियमनाचा कायदा आला, कार्पेट एरियावर, म्हणजे फ्लॅटच्या आतल्या वापरायच्या जागेवर विक्री सुरू झाली, त्यावर सामायिक जागा चढवून फूट वाढवण्याचा, म्हणजे लोडिंगचा जमाना संपला, असं 2017 पासून सांगितलं जातं. विक्रीचं माप बरंच सरळ झालं हे मान्य. पण सामायिक जागेचा हिशेब नाहीसा झालेला नाही. तो करारातून उठून थोडा दरात जाऊन बसला, थोडा मेंटेनन्सच्या बिलात आणि थोडा डीड ऑफ डिक्लरेशनमधल्या, म्हणजे अपार्टमेंटच्या नोंदणीकृत घोषणापत्रातल्या टक्क्यांत. जिना, लॉबी, लिफ्ट फुटावर विकायची नाही हे ठरलं ते चांगलंच झालं. ती मोजून, चौरस मीटरमध्ये लिहून द्यायची हे मात्र राहून गेलं. बहुतेक करारांत सामायिक सोयींची यादी असते, मापं नसतात. सोसायट्यांच्या सभांमध्ये मेंटेनन्सवरून जी भांडणं होतात, त्यातली निम्मी या न लिहिलेल्या मापांपाशी येऊन थांबतात, असं माझं मत आहे.

आधी लोडिंग म्हणजे नक्की काय होतं ते एका उदाहरणावर पाहू. बारा मजल्यांची इमारत, मजल्यावर चार फ्लॅट, म्हणजे एकूण 48. प्रत्येकाचं कार्पेट 60 चौरस मीटर. बाहेरच्या भिंतींचे साधारण 6, बाल्कनी आणि ड्राय बाल्कनी मिळून 7.5. मजल्यावरचा जिना, लिफ्ट आणि लॉबी मिळून 32, म्हणजे फ्लॅटमागे 8. बेरीज 81.5. कार्पेटवर झालेली ही वाढ 36 टक्के. आता बिल्डर म्हणाला की आमचं लोडिंग 55 टक्के, तर सेलेबल एरिया, म्हणजे ज्यावर पैसे लावायचे ते क्षेत्रफळ, झालं 93 (1,001 चौरस फूट). वरचे 11.5 चौरस मीटर कुठून आले? 48 फ्लॅटचे मिळून ते 552 होतात. क्लबहाउस 150 धरा. पंपरूम, मीटररूम, वॉचमनची केबिन, सोसायटीचं ऑफिस यांचे मिळून 60 धरा. झाले 210. उरलेले 342 चौरस मीटर, म्हणजे 3,600 फुटांहून जास्त जागा त्या आवारात कुठेच नाही. ती फक्त कागदावर होती आणि तिचे पैसे 48 जणांनी भरले.

हा ताळा करायला इंजिनिअर लागत नाही. सगळ्या फ्लॅटच्या सेलेबल एरियाची बेरीज मंजूर नकाशावरच्या एकूण बांधकामापेक्षा जास्त निघाली, की समजायचं काय ते. पण त्या काळी एकेका गिऱ्हाइकाच्या हातात फक्त स्वतःचा आकडा यायचा. बेरीज करायला सगळे आकडे एकत्र कोण देणार?

काही हिशेबांत तर लिफ्टचा खड्डा दर मजल्यावर धरला जायचा. खड्डा चार चौरस मीटरचा, मजले बारा, म्हणून 48 चौरस मीटर. फुटाला 8,000 रुपये भाव धरला तर एका भोकाचे 41 लाख. त्या भोकात उभं राहायला जमीन असते ती फक्त तळाशी.

या सगळ्यावर पहिला कायदेशीर तोडगा रेराचा नव्हे. मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या जुन्या फ्लॅट मालकी कायद्यात 2008 साली दुरुस्ती होऊन कार्पेटवरच विक्री करायची हे महाराष्ट्रात ठरलं होतं. बाजाराने ते मनावर घेतलं नाही. रेराने नोंदणी आणि दंड मागे लावल्यावर जाहिरातींची भाषा बदलली. पण भाषा बदलली म्हणजे किंमत बदलली असं नाही. 80 लाखांचा फ्लॅट 1,001 सेलेबल फुटांवर विकला तर दर पडतो 7,992. तोच 645.8 कार्पेट फुटांवर विकला तर 12,388. गिऱ्हाइकाच्या खिशातून जाणारी रक्कम तीच. फरक एवढाच, की आधी लोडिंग निदान टक्क्यात विचारता यायचं. आता ते दरात विरघळून गेलंय.

याचा तोटा तुलना करताना कळतो. दोन प्रकल्प, दोन्हीकडे 60 मीटर कार्पेट. एक 80 लाख सांगतो, दुसरा 84. दुसऱ्याकडे लॉबी ऐसपैस आहे, तीन लिफ्ट आहेत, पोडियमवर बाग आहे. चार लाख जास्त देणं योग्य की नाही हे ठरवायला फ्लॅटमागे सामायिक जागा किती, हे माहीत हवं: पहिल्याकडे 10 चौरस मीटर की दुसऱ्याकडे 25? आणि प्रश्न फक्त खरेदीचा नाही. लॉबीचा प्रत्येक चौरस मीटर रोज झाडायचा, रात्री उजळायचा आणि काही वर्षांनी रंगवायचा असतो. सामायिक जागेचं माप न बघता फ्लॅट घेणारा पुढच्या तीस वर्षांचं बिल न बघता सही करतो.

आता रेराच्या कार्पेटकडे येऊ, कारण तिथेही एक गाठ आहे. व्याख्या अशी: फ्लॅटमधलं निव्वळ वापरायचं क्षेत्रफळ, त्यातून बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, फ्लॅटच्या खास मालकीची बाल्कनी किंवा व्हरांडा आणि उघडी गच्ची वगळायची, पण आतल्या पार्टिशनच्या भिंती धरायच्या. महारेराने, म्हणजे रेरा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, 2017 मध्ये परिपत्रक काढून खुलासाही केला, की फ्लॅटच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या भिंती त्या बाहेरच्या. आतल्या भिंती आणि आत सुटे उभे असलेले कॉलम हे आतले.

म्हणजे आतल्या भिंतीच्या तळाशी असलेल्या जागेचेही पैसे आपण देतो. 60 मीटरच्या टू बीएचकेत आतल्या भिंतींची लांबी साधारण 18 मीटर भरते. प्लास्टर धरून जाडी 125 मिलिमीटर असेल तर भिंतींखाली 2.25 चौरस मीटर जातात. तेच बांधकाम मिवान पद्धतीचं, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंतींचं असेल, आणि त्यातल्या बऱ्याच आतल्या भिंती 160 मिलिमीटरच्या असतील, तर हा आकडा तीन मीटरच्या जवळ सरकतो. कार्पेट दोन्ही ठिकाणी 60 च लिहिलेलं असेल. पलंग ठेवायला जागा मात्र दुसरीकडे कमी.

पुनर्विकासात हीच गाठ गळ्याशी येते. जुन्या इमारतीतल्या सभासदाचं कार्पेट जुन्या पद्धतीने, म्हणजे भिंती सोडून मोजलेलं असतं. समजा ते 50 चौरस मीटर आहे. विकासक म्हणतो, 20 टक्के जास्त देतो, रेरा कार्पेट 60. सभेत टाळ्या पडतात. भिंतींचे 2.25 वजा करा: हाती आले 57.75. वाढ 20 नव्हे, साडेपंधरा टक्के. जुन्या घराला 4 मीटरची बाल्कनी होती आणि ती 50 मध्येच धरली होती, की वेगळी? नव्या घराची बाल्कनी 60 च्या आत की बाहेर? या दोन प्रश्नांची उत्तरं ठरावात लिहून घेतली नाहीत, तर टक्केवारीचा तो आकडा बिनकामाचा आहे. जुनं आणि नवं दोन्ही एकाच व्याख्येने मोजायचं, एवढी एक ओळ निविदेत टाकायला पैसे लागत नाहीत.

ताबा घेताना फ्लॅट मोजणारेही नेहमी एकाच जागी चुकतात. खोल्या मोजतात, बेरीज करतात, करारापेक्षा चार टक्के कमी भरली की बिल्डरशी भांडायला निघतात. आतल्या भिंती मिळवायच्या राहिलेल्या असतात. उलट बाजूने, काही तक्त्यांत सरकत्या दारामागची बाल्कनी किंवा बाथरूमच्या मागचा पाइपांचा डक्ट हळूच कार्पेटमध्ये आलेला असतो. म्हणून रीत अशी ठेवावी. लेसर मीटर वापरायचा आणि जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीवर मापं घ्यायची. अगदी खाली मोजलं तर स्कर्टिंग आडवं येतं. प्रत्येक खोलीची लांबी आणि रुंदी दोन-दोन जागी घ्यायची, एखादा कर्णही मोजायचा. खोली काटकोनात नसेल तर तिथेच कळतं. कॉलमचा खांदा खोलीत आला असेल तर तो बाहेरच्या भिंतीचा भाग आहे की आत सुटा उभा आहे ते बघायचं, कारण पहिला वगळायचा आणि दुसरा धरायचा. मग आतल्या प्रत्येक भिंतीची लांबी गुणिले जाडी. दाराच्या उघड्या जागेत जाडी चटकन मोजता येते, आणि ती जागा भिंतीत एकदा धरली की खोलीत पुन्हा धरायची नाही. मुख्य दाराचा उंबरा बाहेरच्या भिंतीत असतो, म्हणून तो सोडायचा. बाल्कनीचं माप वेगळ्या ओळीत लिहायचं. सगळं मीटरमध्ये, दोन दशांश स्थळांपर्यंत. फूट शेवटी एकदाच, 10.764 ने गुणून. प्रत्येक खोलीचे फूट आधी काढून ते पूर्णांकात बसवत गेलं की पाच-सहा फूट इकडचे तिकडे होतात.

प्लास्टरचा वादही मधून मधून निघतो. माप विटेपासून धरायचं की प्लास्टर झालेल्या भिंतीपासून, हे रेराच्या व्याख्येत लिहिलेलं नाही. 1.20 बाय 2.10 मीटरच्या बाथरूममध्ये दोन्ही बाजूंना टाइल आणि मसाला मिळून तीन-तीन सेंटीमीटर गेले तर क्षेत्रफळ 2.52 वरून 2.33 वर येतं. जवळजवळ आठ टक्के. ऐकायला भयंकर वाटतं. पण पूर्ण फ्लॅटचा हिशेब करा: आतल्या भिंतींचं प्लास्टर भिंतीसकट कार्पेटमध्ये येतंच. वाद उरतो तो बाहेरच्या भिंतीच्या आतल्या अंगाचा. 32 मीटर घेर आणि 12 मिलिमीटर जाडी धरली तर 0.38 चौरस मीटर, वरच्या दराने पन्नास हजारांच्या आसपास. किरकोळ नाही, पण कोर्टात जाण्याइतकंही नाही. करारात 'प्लास्टर झालेल्या भिंतीपासून' असे शब्द घातले की विषय संपला.

तीन टक्क्यांबद्दलचा गैरसमज मात्र महागात पडतो. रेराच्या आदर्श विक्री करारात कार्पेटच्या फरकाला तीन टक्क्यांची मर्यादा आहे. अनेकजण याचा अर्थ असा लावतात, की तीन टक्क्यांपर्यंत कमी दिलं तरी चालतं. तसं नाही. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर बिल्डरने अंतिम कार्पेट कळवायचं असतं, आणि मर्यादेच्या आतली घट असली तरी तिचे पैसे 45 दिवसांत व्याजासह, करारातल्याच दराने परत करायचे असतात. 60 मीटरचे तीन टक्के म्हणजे 1.8 मीटर; 80 लाखांच्या फ्लॅटवर 2 लाख 40 हजार रुपये. हे मागायला लागतं ते अंतिम मापाचं पत्र, आणि तेच कोणी मागत नाही.

बाल्कनीची कथा मुंबईपुरती सांगायची तर थोडक्यात अशी. बाल्कनी, फ्लॉवर बेड, एलेव्हेशनच्या नावाखाली काढलेले कोनाडे हे एफएसआयमध्ये, म्हणजे भूखंडावर परवानगी असलेल्या बांधकामाच्या हिशेबात, मोजले जात नव्हते, म्हणून नकाशात त्यांचं पीक आलं. ताबा मिळाल्यावर फ्लॉवर बेडची भिंत पाडून ते बेडरूममध्ये जायचं आणि विक्री मात्र त्यासकट झालेली असायची. जानेवारी 2012 मध्ये नियमावली बदलली: या जागा मोजायच्या आणि बदल्यात निवासी इमारतीला 35 टक्क्यांपर्यंत फंजिबल, म्हणजे हवा तिथे वापरता येणारा जादा, एफएसआय द्यायचा. उरलेल्या महाराष्ट्राच्या मोठ्या भागाला डिसेंबर 2020 च्या एकत्रित नियमावलीने पी-लाइनचं, म्हणजे मजल्याच्या बाहेरच्या कडेने घेतलेलं, माप लावलं, त्यात बाल्कनी आतच येते. नियम बदलले की नकाशे बदलतात, हा या धंद्याचा स्वभावच आहे. जे मोजत नाहीत ते वाढतं.

मोजणीच्या एका मीटरने काय फरक पडतो हे कराच्या बिलातही दिसतं. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या, म्हणजे 46.45 चौरस मीटरच्या निवासी घराला 1 जानेवारी 2022 पासून मालमत्ता कर माफ आहे. 46.3 आणि 46.6 यांत तिथे दरवर्षीच्या बिलाचा फरक आहे.

आता मेंटेनन्सची आकारणी. इथे दोन कायदे दोन दिशांना तोंड करून उभे आहेत. सहकारी गृहनिर्माण संस्था असेल तर आदर्श उपविधी लागू. त्यात सेवा शुल्क सगळ्या फ्लॅटना समान. व्हीनस सोसायटीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने क्षेत्रफळावर मेंटेनन्स लावणं नाकारून समान आकारणीच उचलून धरली. उलट अपार्टमेंट असेल, म्हणजे 1970 चा महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायदा लागू असेल, तर सामायिक खर्च अविभाज्य हिश्श्याच्या, म्हणजे सामायिक मिळकतीतल्या प्रत्येक फ्लॅटच्या वाट्याच्या, टक्क्याने वाटायचा असतो. 2025 मध्ये पुण्याच्या एका कॉन्डोमिनियमच्या, म्हणजे अशाच अपार्टमेंट मालकांच्या संघटनेच्या, वादात उच्च न्यायालयाने तेच सांगितलं: मोठ्या फ्लॅटला जास्त. म्हणजे एकाच रस्त्यावर समोरासमोर दोन सारख्या इमारती असल्या आणि एक सोसायटी, दुसरी अपार्टमेंट असली, तर वॉचमनच्या पगाराची वाटणी दोन वेगळ्या तत्त्वांनी होणार.

माझं मत दोन्हींच्या मधलं नाही. ते खर्चाच्या प्रकारावर अवलंबून आहे. समजा 40 फ्लॅट, त्यातले 24 आहेत 45 मीटरचे आणि 16 आहेत 80 मीटरचे. एकूण कार्पेट 2,360. महिन्याचा खर्च: सुरक्षा 60,000, सफाई 20,000, लिफ्टचा देखभाल करार 12,000, सामायिक वीज 28,000, एकूण एक लाख वीस हजार. समान वाटले तर प्रत्येकी 3,000. क्षेत्रफळावर वाटले तर लहान फ्लॅटला 2,288 आणि मोठ्याला 4,068. वॉचमन 80 मीटरच्या फ्लॅटचं दार दोनदा राखत नाही. जिन्यातला दिवा मोठ्या फ्लॅटवाल्याला जास्त उजेड देत नाही. इथे समान वाटणीच न्यायाची, आणि उपविधी बरोबर आहेत.

पण बाहेरून प्लास्टर आणि रंग करायला 24 लाख लागले, तर? समान वाटून प्रत्येकी 60,000. क्षेत्रफळाने लहान फ्लॅटला 45,763, मोठ्याला 81,356. मोठ्या फ्लॅटला बाहेरची भिंत जास्त, खिडक्या जास्त, वरच्या मजल्यावर असेल तर गळणारा स्लॅबही जास्त. इथे समान वाटणी म्हणजे लहान फ्लॅटवाल्याने मोठ्याच्या भिंतीचे चौदा हजार भरणं. उपविधींनी हा फरक ओळखलेला आहे, हे सभेत फार थोड्यांना माहीत असतं. दुरुस्ती निधी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.75 टक्के आणि सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीची साठवण, किमान 0.25 टक्के, जमिनीची किंमत सोडून. बांधकाम खर्च क्षेत्रफळाबरोबर वाढतो, म्हणजे या दोन निधींत मोठा फ्लॅट आपोआप जास्त देतो. पाण्याचा आकार नळजोडांच्या संख्येवर आणि आकारावर, मालमत्ता कर ज्याचा त्याचा, लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्यांना समान, वापर असो वा नसो. तळमजल्यावाले यावर दरवर्षी भांडतात. लिफ्ट वापरली की नाही हे मोजायला लागलात तर उद्या पहिल्या मजल्यावाला गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे पैसे द्यायला नको म्हणेल. तिथे उपविधींचं उत्तर रोखठोक आहे आणि ते तसंच राहावं.

नळजोडांचं माप मात्र कालबाह्य झालंय. दोन कुटुंबांकडे सारखेच नळ असतात. एकीकडे दोन माणसं, दुसरीकडे सात. मीटर लावा म्हणावं तर नव्या इमारतींत फ्लॅटला पाणी एका जागेहून येत नाही. स्वयंपाकघराचा शाफ्ट वेगळा, प्रत्येक बाथरूमचा वेगळा, म्हणजे तीन-चार मीटर लावून त्यांची बेरीज करायची. हे नकाशाच्या वेळीच ठरवलं असतं तर एका पाइपात भागलं असतं.

सिंकिंग फंडातला गोंधळ वेगळाच. टक्केवारी सगळे पाळतात. चुकतो तो पाया. 45 मीटर कार्पेटच्या फ्लॅटचं बांधीव क्षेत्र 54 धरा. आजचा बांधकाम खर्च चौरस मीटरला 25,000 धरला तर 0.25 टक्के म्हणजे वर्षाला 3,375, महिन्याला 281 रुपये. पण इमारत तीस वर्षांपूर्वी चौरस मीटरला 5,000 रुपयांत उभी राहिली आणि तोच आकडा वहीत अजून चालू असेल, तर वर्षाला 675, महिन्याला 56. असे 56 रुपये जमवत आलेली सोसायटी स्लॅबच्या सळ्या उघड्या पडल्या की एकदम लाखालाखाची वर्गणी मागते आणि मग ती समान की फुटावर, यावर सभा मध्यरात्रीपर्यंत चालते. उपविधीतला टक्का किमान आहे. तो वाढवायचा अधिकार सर्वसाधारण सभेला आहे आणि तो कधीतरी वापरायला हरकत नाही.

बिल्डरच्या हातातला काळ सगळ्यात वाईट. ताबा देताना एक-दोन वर्षांचं मेंटेनन्स आगाऊ घेतात, फुटावर. कोणत्या फुटावर ते विचारा. विक्री कार्पेटवर झालेल्या फ्लॅटचं मेंटेनन्स सेलेबलवर मोजलेलं असू शकतं, आणि त्या आकड्याला कुठल्याच नोंदणीकृत कागदाचा आधार नसतो. सोसायटी स्थापन झाली की समान आकारणी सुरू. तोवर मोठ्या फ्लॅटवाल्यांनी भरलेल्या जादा रकमेचं काय करायचं, हे कोणी ठरवलेलं नसतं. हस्तांतराच्या वेळी फ्लॅटवार जमा आणि खर्चवार नावे, असा हिशेब मागितला पाहिजे. ठोक रकमेचा एक चेक घेऊन समितीने गप्प बसू नये.

पण लोडिंगचा खरा पुनर्जन्म झालाय तो अपार्टमेंटमध्ये. तिथे अविभाज्य हिश्श्याचे टक्के डीड ऑफ डिक्लरेशनमध्ये लिहिले जातात. कायद्याचा पाया फ्लॅटच्या किमतीचं संपूर्ण मिळकतीच्या किमतीशी असलेलं प्रमाण, आणि एकदा लिहिलेला टक्का बदलायचा तर सगळ्या मालकांची संमती लागते. म्हणजे जवळपास कायमचा. हा तक्ता बिल्डर बनवतो, आणि तो सेलेबल एरियावरून बनवला असेल तर ज्या फ्लॅटवर लोडिंग जास्त चढवलं होतं तो जन्मभर जास्त मेंटेनन्स भरत राहतो. करारातून हद्दपार केलेला आकडा इथे टक्क्याचा वेश घालून बसतो. डिक्लरेशन हातात आलं की तीन गोष्टी तपासाव्यात: सगळ्या टक्क्यांची बेरीज 100 भरते का, दुकानं आणि न विकलेले फ्लॅट तक्त्यात आहेत का, आणि सारख्या कार्पेटच्या दोन फ्लॅटना सारखाच टक्का आहे का. तिसऱ्या तपासणीत तफावत निघाली तर किमतीतल्या फरकाचं कारण मागावं. मजल्याचं असेल, बागेकडच्या दर्शनी बाजूचं असेल. यातलं काहीच नसेल तर ते लोडिंग आहे.

अपार्टमेंट कायद्यातली सरसकट टक्केवारी मला म्हणूनच पटत नाही. भिंती, छप्पर, विमा यांना ती ठीक, वॉचमनला नाही. सोसायटीत समान आणि प्रमाणशीर खर्च वेगळे करण्याची सोय उपविधींनीच दिलेली आहे. अपार्टमेंटच्या कायद्यात तशी दुरुस्ती व्हायला हवी.

पार्किंगपुरतं बोलायचं तर मोजून लिहून देण्याची सुरुवात तिथे झाली आहे. उघडं पार्किंग रेरात सामायिक जागा आहे, ते विकता येत नाही. आणि 2024 पासून महारेराने विकलेल्या पार्किंगची लांबी, रुंदी, उंची आणि जागा कराराच्या जोडपत्रात लिहायला लावली, कारण लोकांना बीमखाली गाडी शिरत नाही किंवा कॉलममुळे दार उघडत नाही असं पार्किंग मिळत होतं. एका गाडीच्या जागेची उंची लिहिता येते, तर लॉबीची लांबी-रुंदी लिहायला काय अडचण आहे?

करायचं फार नाही. भोगवटा प्रमाणपत्राबरोबर आर्किटेक्टने प्रत्यक्ष मोजणीचा एक तक्ता द्यावा. फ्लॅटमागे एक ओळ: खोल्यांचं निव्वळ क्षेत्र, आतल्या भिंती, बाल्कनी, गच्ची, चारही वेगळ्या रकान्यांत. त्याखाली सामायिक जागा एकेक करून: जिने, लॉबी, लिफ्टचे खड्डे एकदाच, क्लबहाउस, पोडियम, पंपरूम. सगळ्याची बेरीज मंजूर बांधकामाशी जुळवून दाखवलेली. हाच तक्ता अंतिम मापाचं पत्र म्हणून खरेदीदाराला, करनिर्धारणासाठी महापालिकेला, डिक्लरेशनच्या टक्क्यांसाठी नोंदणी कार्यालयाला आणि ताब्याच्या दिवशी सोसायटीला. आणि फ्लॅटमागे सामायिक जागा किती, ही एक ओळ जाहिरातीतही कार्पेटच्या शेजारी, तेवढ्याच टायपात.